ही चूक मला देतेस का?

एखाद्या माणसाने आयुष्यभर कष्टाने जमवलेले ज्ञान कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांच्या हाती दिले, तर ते वाढते की नासते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. या विषयावर हल्ली शिक्षकांना सक्तीने प्रशिक्षणे दिली जातात आणि प्रत्येक प्रशिक्षणात उत्तर आधीच ठरलेले असते. मी विज्ञान शिकवते. उत्तर आधी आणि प्रयोग नंतर, ही रीत मला मान्य नाही. माझ्या डोळ्यांसमोर हा प्रयोग दोनदा झाला. साहित्य तेच होते, साधन जवळजवळ तेच होते. फक्त हात वेगळे होते. पहिले हात आमच्या सरांचे.

घाटकोपरच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत. उंच, किंचित पुढे झुकलेले, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खिशात साबणाची प्लास्टिकची डबी. डबीत खडू असत. शाळेचे खडू दमट असतात आणि फळ्यावर किंचाळतात, अशी तक्रार करून ते घरी उन्हात वाळवलेले स्वतःचे खडू आणत. उत्तरपत्रिका हिरव्या शाईने तपासत. रिक्षात कधी बसत नसत. घरून शाळा, शाळेतून वस्तीतले बुद्धविहार, तिथे रविवारी मुलांची फुकट शिकवणी, सगळे पायी. "बसलं की विचार थांबतो, बाई," असे ते मला सांगत. त्यांच्या या पायी चालण्याचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून ते वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्यांचा खरा विक्षिप्तपणा मात्र वेगळा होता. ते मुलांकडून चुका मागून घेत. वर्गात एखादे उत्तर चुकले की आपण सर्वसाधारण शिक्षक "चूक, बस खाली" म्हणतो आणि दुसऱ्या मुलाकडे वळतो. सर त्या मुलाला बसू देत नसत. "थांब. असं का वाटलं ते सांग," म्हणत. मूल सांगे. सर ऐकत, मध्ये बोलत नसत. आणि चूक त्यांना पसंत पडली, तर खाली वाकून, एखाद्याने लिमलेटची गोळी मागावी तसे विचारत, "ही चूक मला देतेस का?"

मुले देत. एकदा सातवीतला एक मुलगा अडून बसला होता. "नाय देणार सर. मागच्या वेळी पण माझीच घेतली."

"त्याची चांगली आहे, सर, पण माझी नवीन आहे," मागच्या बाकावरून दुसरा ओरडला. "माझी घ्या ना."

चुकीबद्दल भांडणारा वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही.

चाचणीच्या कागदावरची तेवढी पट्टी सर कापून घेत, बाजूच्या खाडाखोडीसकट, आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर चिकटवत. शिक्षकखोलीतले सगळे त्यांना जुन्या पत्रिका आणून देत. "पुढे लग्न, मागे चूक," ते पट्टी दाबत म्हणत, "हसू नका, बाई." मुलाने तोंडी सांगितलेले कारण ते पट्टीखाली हिरव्या शाईने लिहीत. अशा पत्रिकांनी शिक्षकखोलीतले एक लोखंडी कपाट भरलेले होते.

हे वेड आहे असे ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी सरांच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले पाहिले: ५२ − २७ = ३५.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"एका मुलाचं उत्तर आहे."

"चुकलंय. उसना घ्यायला विसरला."

"आपण नक्की सांगता?" सर म्हणाले. सर रागावले की समोरच्याला 'आपण' म्हणत. मुलांना त्यांनी कधीही 'आपण' म्हटले नाही. "पस्तीस दोन वाटांनी येतं. एक मुलगा दशक उसना घेतो, बारातून सात काढतो, पण शेजारचा पाच कमी करायचा राहतो. दुसऱ्याला उसना म्हणजे काय तेच कळलेलं नाही. तो वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढतो. सातातून दोन, पाच. पाचातून दोन, तीन. दोघांचं उत्तर एक, आजार दोन. आपण दोघांना एकच गोळी देणार?"

"मग ओळखायचं कसं?"

"बावन्न वजा अठ्ठावीस द्या. पहिला चौतीस आणेल, दुसरा छत्तीस."

वाचकांनी कागद घेऊन करून पाहावे. मी त्याच दिवशी करून पाहिले होते. एका मुलाला इतक्या बारकाईने पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि पुढे जे घडले त्याची चीड मला आजही येते ती या कारणाने.

कृत्रिम बुद्धिमत्तेशी सरांची ओळख त्यांच्या मुलीने करून दिली. ती पवईला एका कचेरीत काम करते. तिने फोनवर ते साधन बसवून दिले आणि सरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा स्वभाव ओळखला. सकाळच्या प्रार्थनेआधी ते माझ्याकडे आले.

"बाई, हे फार हुशार आहे. पण हुशार पोरांचा दोष आहे त्याच्यात. दुसऱ्याची चूक त्याला दिसत नाही. वाचतानाच मनातल्या मनात नीट करून टाकतं."

त्यांनी मला दाखवले. पट्टीचा फोटो दिला होता, त्यावर स्पष्ट ३५ होते, आणि साधनाने उतरवून घेताना २५ लिहिले होते. विचारलेसुद्धा नव्हते. सरांनी त्याला लिहिले, "जसे आहे तसे लिही. दुरुस्त करू नकोस. वाचता आले नाही तर तसे सांग." मग ३५ आले. त्यानंतर सर प्रत्येक वेळी आधी ही तीन वाक्ये लिहीत आणि उतारा आला की मूळ पत्रिका शेजारी ठेवून स्वतः ताडून पाहत. कपाटातले अपूर्णांक, दशांश आणि वजाबाकी हे तीन कप्पे त्यांनी असे फोनवर चढवले. बाकीचे कप्पे हळूहळू चढवणार होते.

या कामाचा लाभ खरा होता, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण रागाच्या भरात ते विसरणे अन्याय होईल. सरांनी एकदा साधनाला विचारले, की वेगवेगळ्या इयत्तांतल्या या चुकांत कुठे एकच विचार दिसतो का. साधनाने दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. पाचवीतल्या मुलीने एक अष्टमांश हा एक पंचमांशापेक्षा मोठा ठरवला होता, कारण आठ पाचापेक्षा मोठे. सहावीतल्या मुलीने २.१५ ही संख्या २.७ पेक्षा मोठी ठरवली होती, कारण पंधरा साताहून मोठे. सरांनी कपाट उघडून नावे पाहिली. मुलगी एकच होती. एक वर्ष गेले, धडा बदलला, आणि तिच्या डोक्यातला तो एक समज कुणीच हलवला नव्हता.

"माझ्याच कपाटात होतं," सर म्हणाले. "मी कप्पे वेगळे केले, म्हणून मलाच दिसलं नाही." त्या वर्षापासून त्यांनी दशांश अपूर्णांकांच्या आधी संख्यारेषा घ्यायला सुरुवात केली.

नव्या शिक्षिकांच्या सरावासाठी त्यांनी साधनाला विद्यार्थिनीही बनवले. तू पाचवीतली मुलगी आहेस, आठ मोठे म्हणून एक अष्टमांश मोठा असे तुला वाटते, असे सांगून फोन नव्या बाईंच्या हाती दिला. बाईंनी दोन वाक्यांत समजावले आणि उत्तर आले, "हो, आता मला नीट कळले, धन्यवाद."

"अशी पोरगी बघितलीय का कुठे?" सर वैतागले. "कळल्यावर आभार मानणारी?" मग त्यांनी साधनाला खडसावून लिहिले, की इतक्यात पटवून घेऊ नकोस, आधी 'हो' म्हण आणि पुढच्या गणितात तीच चूक कर. साधनाने ते ऐकले. नव्या बाई घामाघूम झाल्या. सर प्रसन्न.

इथवर पहिला प्रयोग झाला. आता दुसरा.

आमच्या संस्थेच्या मुलुंडपर्यंत अनेक शाळा आहेत. सरांच्या कपाटाची वार्ता कार्यवाहांच्या कानावर गेली. सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते. त्यांचा अनुभव संस्थेच्या सर्व शिक्षकांच्या टॅबलेटवर उपलब्ध करून द्यायचा, असे ठरले. कल्पना उत्तम होती. सरांनाही तेच हवे होते. आपण गेल्यावर नव्या शिक्षकांनी मुलांना "चूक, बस खाली" म्हणू नये, एवढी एकच काळजी त्यांना होती. कामासाठी एक सल्लागार नेमले गेले. दिवाळीच्या सुट्टीत कपाटातले सगळे खोक्यांत भरून एका एजन्सीकडे स्कॅन करायला पाठवले. मूळ पत्रिका परत मिळतील, असे सरांना सांगण्यात आले. पहिल्या खोक्यात सर्वांत वर सरांनी स्वतः लिहिलेला कागद ठेवला: "यातील एकही उत्तर दुरुस्त करू नये."

काम झाल्यावर सरांनी ते आधी पाहायला मागितले. मीही त्यांच्याबरोबर गेले होते.

"बघायचं काय त्यात, सर?" सल्लागार म्हणाले. "मशीनने केलंय. चूक होणारच नाही."

"चूक नसेल तर पंचाईत आहे," सर म्हणाले.

सल्लागार हसले. त्यांना तो विनोद वाटला. "समारंभातच बघा ना. सरप्राइज राहू दे."

समारंभ मुलुंडच्या सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सरांच्या चेहऱ्याचे मोठे चित्र. भाषणांत प्रत्येकाने संग्रहाची स्तुती केली. वक्त्यांपैकी एकानेही तो उघडून पाहिलेला नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण उघडला असता तर पहिल्याच पानावर थांबावे लागले असते. शेवटी सरांच्या हाती टॅबलेट दिला आणि एखादे पान वाचून दाखवण्याची विनंती केली.

सरांनी चष्मा लावला. पहिल्या पानावर, सोनेरी चौकटीत, त्यांचेच वाक्य होते. यातील एकही उत्तर दुरुस्त करू नये. त्यांनी ते माइकवर वाचले. टाळ्या पडल्या. त्यांनी पान उलटले, थांबले, पुढचे उलटले, आणखी पुढचे. मग माइकजवळ येऊन वाचले, "बावन्न वजा सत्तावीस, बरोबर पंचवीस. विद्यार्थ्याचे उत्तर." आणि म्हणाले, "हे उत्तर बरोबर आहे."

सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी भरलेले सभागृह होते ते. मी त्या टाळ्या विसरू शकत नाही आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही.

"आपण टाळ्या कशासाठी वाजवता?" सरांनी विचारले.

त्यांनी शाल काढली, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि ते मंचावरून खाली उतरले.

व्यासपीठामागच्या खोलीत जे बोलणे झाले, ते मी जवळ उभी राहून ऐकले.

"सर, तुमचा गैरसमज होतोय," सल्लागार म्हणाले. "मुलांचं हँडरायटिंग, खाडाखोड, किती मेस होता. आम्ही मशीनला सांगितलं, सगळं क्लीन करून लिही. बघा ना, काय झकास आलंय."

"आपण त्याला तसं सांगितलंत?"

"मग? असं कच्चं कसं देणार टीचर्सना?"

"पहिल्या पानावर काय लिहिलंय, ते आपण वाचलंत का?"

"हो ना, ते तर डिझाइनमध्ये घेतलंय आम्ही."

मी मूळ पत्रिकांबद्दल विचारले. स्कॅन झाल्यावर त्या रद्दीत गेल्या होत्या. ठेवायला जागा नव्हती. मग स्कॅनची चित्रे? मजकूर काढून झाल्यावर एजन्सी चित्रे पुसून टाकते, तसा करारच असतो, असे उत्तर मिळाले. हे सगळे सल्लागारांनी बसचे वेळापत्रक सांगावे तसे सांगितले. माझा आवाज चढला. तेव्हा कार्यवाह मध्ये पडले.

"अहो मॅडम, शांत व्हा. सर, तुमचा मान आहेच. पण चुका कशाला जपायच्या? आपण शाळा आहोत."

गेल्या काही वर्षांत मी पुष्कळ अडाणी वाक्ये ऐकली. याच्या जवळपास जाईल असे दुसरे आठवत नाही. शाळेनेच जर चूक जपून पाहायची नाही, तर ती कुणी पाहायची? बरोबर उत्तरे कोणत्याही गाइडच्या शेवटच्या पानावर असतात. ती यंत्रालाही येतात. यंत्राला जे माहीत नव्हते, आणि त्या कपाटाखेरीज कुठेच नव्हते, ते होते घाटकोपरच्या एका वर्गातले मूल कसा विचार करते याचे ज्ञान. संस्थेने नेमके तेवढेच पुसले, उरलेले छापले, आणि त्याला सरांचे नाव दिले.

सरांनी मात्र टॅबलेट माझ्याकडे दिला. "बाई, तो रिक्षाचा प्रश्न काढा."

तो प्रश्न मला ठाऊक होता. काही वर्षांपूर्वी सरांनी एका चाचणीत घातला होता: रिक्षाचे भाडे अंतराच्या समप्रमाणात असते, तर आलेख काढा. अपेक्षित आलेख शून्यापासून निघणारी सरळ रेषा. एका मुलीने आधी आडवी रेषा काढली आणि मग ती वर नेली. सरांनी शून्य गुण दिले, आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे तिला उभे केले. मी तेव्हा मागच्या बाकावर बसून त्यांचा तास पाहत होते.

"असं का वाटलं, सांग."

"सर, मीटर टाकल्या टाकल्या पैसे दाखवतं ना. गाडी हललेली पण नसते. मग थोडं लांब गेलं तरी तेवढेच. मग वाढतात. माझे पप्पा रिक्षा चालवतात, सर."

सरांनी आलेखातल्या आडव्या रेषेवरून बोट फिरवले. मग सवयीने म्हणाले, "ही चूक मला देतेस का?"

"देते सर. पण ही माझी नाहीये."

वर्ग हसला, तिच्यापाठोपाठ सरही हसले. त्यांनी तिचे शून्य खोडून पूर्ण गुण दिले आणि पट्टी घेतली. तिच्याखाली हिरव्या शाईने लिहिले: "चूक शिक्षकाची. शिक्षक रिक्षात बसत नाही." नव्या शिक्षकांना ते सर्वांत आधी हीच पत्रिका दाखवत. मुलाला चूक ठरवण्यापूर्वी स्वतःचा प्रश्न तपासा, एवढे सांगून पुढचे कप्पे उघडत.

मी टॅबलेटवर ते पान काढले. आलेख नव्याने, सुबक रेखलेला होता. शून्यापासून निघणारी सरळ रेषा. खाली मुलीचे नाव आणि "विद्यार्थिनीचे उत्तर". हिरव्या शाईतले वाक्य नव्हते. ते आलेखाशी जुळत नव्हते, म्हणून गाळले गेले असावे.

सरांनी ते पान पाहिले. "मला बरोबर ठरवलं त्यांनी," ते म्हणाले.

नंतर त्यांनी संग्रह पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. तुझी ती चूक आठवते का, तेव्हा तुला काय वाटत होते? कुणालाच आठवेना. मुले आता मोठी होती, नोकरीला होती, प्रेमाने बोलत होती, आणि म्हणत होती, "सर, असं कसं लिहिलं असेन मी?" एकदा नीट कळले, की आधी काय वाटत होते तिथे माणसाला परत जाता येत नाही. ती वाट फक्त त्या पट्ट्यांवर होती. फोनवर चढवलेले तीन कप्पे तेवढे वाचले.

त्या रिक्षावाल्यांच्या मुलीला मात्र आठवत होते. तिने दुसऱ्याच दिवशी आलेख काढून पाठवला. आधी आडवी रेषा, मग वर. खाली लिहिले होते, "सर, चूक तुमची होती. परत देते."

सर निवृत्त झाले. बुद्धविहारात रविवारी अजून शिकवतात, तेच साधन वापरतात, तीच तीन वाक्ये आधी लिहितात. मी एकदा रागाने म्हटले, की ते यंत्र फेकून द्या. "त्याच्यावर कशाला राग?" ते म्हणाले. "मी सांगितलं तसं ते वागलं. त्यांनी सांगितलं तसंही वागलं. माझा कागद न वाचणारी माणसं होती, बाई."

संस्थेचा संग्रह आजही आमच्या टॅबलेटवर आहे. दुरुस्तीसाठी मी दिलेल्या अर्जांना उत्तर आलेले नाही. परवा शेजारच्या वर्गात एका मुलाने पस्तीस सांगितले. नव्या बाईंनी टॅबलेट पाहिला, तिथे पंचवीस होते. त्या म्हणाल्या, "चूक, बस खाली." तो बसला. कोणत्या वाटेने आला होता, हे आता कुणाला कळणार नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या परीने दिले आहे. ते तुम्ही माझ्या शब्दावर स्वीकारू नये. घरातल्या मुलाच्या वहीतले एक चुकलेले उत्तर घ्या, त्याचा फोटो तुमच्या साधनाला द्या, आणि उतरवून घ्यायला सांगा. एकदा "नीट करून लिही" म्हणून, आणि एकदा सरांची तीन वाक्ये लिहून. मग दोन्ही उतारे वहीशेजारी ठेवून ताडून पाहा. पुढच्या वेळी रिक्षात बसाल तेव्हा, गाडी हलण्याआधी, मीटरही पाहा. आणि हे सगळे पाहून होईपर्यंत ती वही रद्दीत देऊ नका.